नमुन्याची बाटली

"वयनी! वयनी गो, धाव! चेडवान काय पिल्यान बघ!"

मी मागच्या न्हाणीत केस धूत होते. आवाज वैजूचा होता, माझ्या धाकट्या जावेचा, पण असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. केसांतला शिकेकाईचा फेस तसाच घेऊन मी धावले. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पोचायच्या आधीच वास आला. लवंगेचा. मसाल्याचा डबा उघडल्यावर येतो तसा नव्हे. नाकातून थेट घशात उतरणारा, डोळ्यांना पाणी आणणारा. तो वास मला रोजचा होता.

उंबऱ्याशी दीक्षा पाय फाकवून बसली होती. वैजूची मुलगी, दीड वर्षाची. फ्रॉकचा पुढचा भाग भिजलेला, हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. दोन्ही हातांनी ती आपली जीभ खरवडत होती. रडायला तोंड उघडी आणि रडण्याऐवजी खोकलाच बाहेर पडे. तिच्या मांडीजवळ तपकिरी काचेची लहानशी बाटली आडवी पडली होती.

मी आधी बाटली उचलली. काल ती गळ्यापर्यंत भरलेली होती. आता तळाला बोटभर तेल उरलं होतं. मी जमिनीवर हात फिरवला, फ्रॉक पिळून पाहिला, उंबऱ्याची फट पाहिली. सांडलं होतं, पण सगळं सांडलं नव्हतं. दोन चमचे तरी पोटात गेले असणार.

तोवर सासूबाई आतून आल्या. हातात पेला.

"बाजूक हो. मीठपानी पाजतंय. एकदा ओकली की झाला."

मी तो पेला त्यांच्या हातातून ओढून घेतला. अर्धं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं.

"आई, नको! ओकवूचा नाय. ओकली तर ता तेल छातीत जायत."

"तुका पोरांतला काय कळता गो?" सासूबाई म्हणाल्या.

एरवी हे वाक्य मला दिवसभर पुरलं असतं. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. त्या दिवशी ते नुसतं कानावरून गेलं. "कारखान्यातल्या पाटीवर लिवलेला आसा," एवढंच मी म्हटलं आणि पोरीला उचलून वैजूच्या हातात दिलं.

"पण बाटली खंयची ती?" सासूबाईंनी विचारलं.

वैजूनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"दाताचा औषध ता," ती सासूबाईंना म्हणाली. "बाजारातला."

मी बाटली मुठीत झाकून घेतली.

घरात आम्ही तिघी बायका आणि ही पोर, एवढंच माणूस होतं. माझे यजमान आणि वैजूचा नवरा दोघेही मुंबईला नोकरीला. सालही सांगते, सत्त्याण्णव. घरात फोन नाही. शेजारची रिक्षा दारात उभी होती ते नशीब. ओल्या केसांवर पदर घेऊन मी रिक्षात बसले. बाटली मुठीत घट्ट धरलेली होती. वैजूच्या मांडीवर दीक्षा कण्हत होती आणि सासूबाई रस्ताभर देवाला गाऱ्हाणं घालत होत्या.

मी कुठं काम करत होते ते सांगायला हवं. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्याच्या तेलांचा एक कारखाना होता. परदेशातून लवंगेच्या काड्यांची पोती यायची, आसपासच्या गावांतून दालचिनीचा पाला यायचा, जायफळं यायची. हा माल मोठाल्या हंड्यांत भरून खालून वाफ सोडायची. वाफेबरोबर तेल वर चढायचं, थंड नळीतून खाली उतरायचं. ते ड्रमात भरून मुंबईला जायचं. टूथपेस्टवाले, बामवाले, साबणवाले, बिस्किटवाले, सगळ्यांना ते लागायचं. मी बारावी सायन्स झालेली, म्हणून मला प्रयोगशाळेत घेतलं होतं. प्रत्येक ड्रमातून नमुन्याची एक बाटली भरायची, चिठ्ठी चिकटवायची, तेल तपासायचं, लवंगेच्या तेलात युजेनॉल, म्हणजे लवंगेचा जहाल अर्क, किती ते पाहायचं, आकडा वहीत लिहायचा, हे माझं काम. माझ्या टेबलावरच्या भिंतीवर पाटी होती. शुद्ध तेल अंगावर सांडल्यास काय करावं, डोळ्यांत गेल्यास काय, पोटात गेल्यास काय. उलटी करवू नये, हे वाक्य मी तीन वर्षं रोज पाहत होते.

आणखीही एक गोष्ट मी पाहिली होती. एकदा लवंग तेलाचा ड्रम धुतलेलं पाणी चुकून कारखान्यामागच्या व्हाळात, ओढ्यात, गेलं. तासाभरात मासे वर आले. मेलेले नव्हते. कल्ले हलत होते, पण पोटं वर करून पाण्याबरोबर वाहत होते, हात घातला तरी सुळकन पळत नव्हते. पोरं हसत हसत टोपल्या भरत होती. मला हसू आलं नव्हतं.

रिक्षात दीक्षाचं कण्हणं हळूहळू थांबलं.

"दमली गो माझी बाय," वैजू म्हणाली.

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या.

बाजारपेठेत डॉक्टर प्रभुदेसाईंचा दवाखाना. साठीचे गृहस्थ, अर्ध्या तालुक्याचे डॉक्टर. त्यांनी पोरीला टेबलावर घेतलं, घसा पाहिला, छाती ऐकली, बॅटरीनं डोळे पाहिले. मी बाटली पुढं केली. त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"लवंगेचं तेल होय? मला वाटलं रॉकेल की काय. कुठलं हे?"

"बाजारातलं," वैजू म्हणाली. "दाढेला लावूक."

"हां. मग त्यात निम्म्याहून जास्त गोडं तेलच असतं. तोंड भाजलंय थोडं, ते होईल बरं. दूध पाजा. हे औषध चमचाभर तीन वेळा. घाबरू नका, घरी न्या."

सासूबाईंनी हात जोडले. वैजू रडायला लागली, सुटल्यासारखी. टेबलामागच्या भिंतीवरचं घड्याळ मला आजही दिसतं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

आम्ही बाहेर आलो. सासूबाई औषधाच्या दुकानाकडे गेल्या. दवाखान्याच्या बाकावर वैजू पदराखाली पोरीला घेऊन बसली. मी समोर उभी. येणारेजाणारे विचारत होते, काय झालं, काय झालं, आणि वैजू सांगत होती, काय नाय, डॉक्टर म्हणतत काय नाय. सासूबाई परत आल्या. रिक्षावाला चहाला गेला होता, त्याला हाक मारली.

"वयनी," वैजू म्हणाली. "पियत नाय ही."

मी पदर बाजूला केला. दीक्षाचं तोंड उघडं होतं, जीभ बाहेर, दूध ओघळत होतं. कपाळ घामानं थंडगार. मी तिची हनुवटी हलवली, गालावर चापट मारली. डोळे उघडले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. कुठंच बघत नव्हते.

मला व्हाळातले ते मासे दिसले.

मी पोरीला वैजूच्या हातातून ओढून घेतलं आणि आत धावले. आत दुसरा पेशंट होता. मी त्याच्या पुढं होऊन पोरीला टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, हे बाजारातलं तेल नाही. कारखान्यातलं आहे. ड्रममधलं, शुद्ध. त्यात काही मिसळलेलं नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिथंच काम करते. मीच तपासते. युजेनॉल पंच्याऐंशी टक्के आहे त्यात. जुन्या नमुन्याची बाटली मी घरी आणली होती, कुणाला न विचारता. वैजूची दाढ दुखत होती म्हणून. आज सकाळी कापसानं तिच्या दाढेला लावलं आणि..." मी पदरानं पोरीची लाळ पुसली. "बाटली कपाटात ठेवायच्या ऐवजी मी दाराशेजारच्या पाट्यावर ठेवली. मीच ठेवली. दोन चमचे गेलंय पोटात. जास्तच."

मागं दारात वैजू आणि सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

डॉक्टरांचा चेहरा पार उतरला, पण हात मात्र भराभर चालायला लागले. त्यांनी पोरीच्या बोटाला टोचून रक्त घेतलं, साखर पाहिली, ती फार उतरली होती, आणि कंपाउंडरला हाक मारली, "ग्लुकोजची बाटली आण, आधी ती!" शीर सापडेना. दोनदा टोचून झालं, पोर रडली नाही. ती रडत नाही हे पाहून सासूबाईंनी मोठ्यानं गळा काढला.

"तुमच्या कारखान्यात या तेलाचा कागद असेल," डॉक्टर मला म्हणाले. "विषबाधेवर काय करावं ते त्यात लिहिलेलं असतं. फोन लावा."

फोन केळुसकर सरांनी उचलला. ते आमचे मुख्य केमिस्ट. कमी बोलणारे. नमुन्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे आणि माझ्यावर भरवसा ठेवून ती ते टेबलावर ठेवून जात.

"सर, मी नमुन्याची एक बाटली घरी नेली होती. लवंगेच्या काडीच्या तेलाची. आमची पोर ते प्यायली."

पलीकडे काही क्षण नुसती हंड्यांची घरघर ऐकू आली.

"किती प्याली?"

"दोन चमचे. जास्तही असेल."

"वजन किती पोरीचं?"

"नऊ-दहा किलो."

"डॉक्टरांना द्या फोन."

डॉक्टर लिहून घेत होते आणि मधून मधून नुसतं "लिव्हर?" "हो, हो," "किती तासांनी?" असं विचारत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "इथं ठेवून उपयोग नाही. गोव्याला, मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल. आत्ता."

वीस मिनिटांत कारखान्याची जीप दारात आली. केळुसकर सर स्वतः चालवत होते. शेजारच्या सीटवर तो कागद होता, लवंग तेलाचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी आपला दवाखाना कंपाउंडरवर टाकला आणि सलाइनची बाटली हातात उंच धरून मागं बसले.

त्या दोन तासांबद्दल फार सांगता येत नाही. वैजूच्या मांडीवर पोर, डॉक्टरांच्या हातात बाटली, समोर सासूबाई, आणि मी पायांशी, जीपच्या तळावर. मला कुणी तिथं बसायला सांगितलं नव्हतं. गोव्याची हद्द ओलांडली आणि दीक्षाचं अंग ताठ झालं. एक हात, मग एक पाय झटके द्यायला लागला. ओठ निळे पडले. डॉक्टर ओरडले, "कुशीवर घ्या! कुशीवर!" सरांनी गाडी बाजूला घेतली. डॉक्टरांनी सुई दिली. तो झटका मिनिटभर चालला असेल. वैजू माझे केस मुठीत धरून बसली होती, इतके घट्ट की कातडी ओढली जात होती. आधाराला धरले होते की रागानं, मला कळलं नाही. मी मान हलवली नाही.

हॉस्पिटलात पोरीला आत नेलं आणि दार बंद झालं. तासाभरानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिनं हिंदीत, कोकणीत, जमेल तसं सांगितलं. साखर सांभाळलीय. शुद्ध यायला वेळ लागेल. खरी भीती लिव्हरची; ते आज कळणार नाही, उद्या कळेल. पॅरासिटामॉल जास्त पोटात गेलं तर जे औषध देतात तेच देऊन बघतोय. मग तिनं विचारलं, "उलटी करवली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

"देव पावला," ती म्हणाली आणि परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी लिव्हरचे आकडे आले. माझी तीन वर्षं तोवर आकडे वाचण्यात गेली होती, म्हणून त्या कागदावरचा आकडा आणि कंसातला नेहमीचा आकडा मला लगेच दिसले. चाळीसच्या जागी अडीच हजार. मी तो कागद घडी करून परत दिला. संध्याकाळी तो साडेचार हजार झाला. पोरीच्या नाकातून थोडं रक्त आलं. डॉक्टरीण वैजूशी बोलताना तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलायला लागली, तेव्हा मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. आदल्या दिवशीची शिकेकाई त्यातून अजून निघत होती.

सासूबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसत. माझ्याशी त्या एकच वाक्य बोलल्या, तेही येणारेजाणारे ऐकतील एवढ्या मोठ्यानं. "आपल्या पोटी नाय, म्हणान दुसऱ्याच्या पोरावर डोळो?"

बाकावर बसलेल्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. एकीनं आपलं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं.

पोरीला वॉर्डात आणल्यावर वैजू खाटेच्या कडेला बसली ती उठली नाही. मी जेवण आणलं तर खाई. पाणी दिलं तर पिई. मी पोरीच्या जवळ गेले तर मात्र तिचा हात आपोआप आडवा येई. मी मग दोन पावलांवर उभी राहायची सवय केली.

तिसऱ्या दिवशी आकडा चढायचा थांबला. चौथ्या दिवशी सकाळी तो उतरला होता. डॉक्टरीण हसत आली, कागद माझ्याच हातात देऊन गेली. दीक्षानं डोळे उघडून "आय" म्हटलं आणि पुन्हा झोपली.

केळुसकर सर दुपारी आले. त्यांनी कागद वाचला, पोरीकडे पाहिलं, मग मला बाहेर बोलावलं. "मला साहेबांना सांगावं लागलं," ते म्हणाले. "राजीनामा तुम्हीच लिहून द्या. माझ्या हातून काढायला लावू नका." मी तिथंच, त्यांच्याच पेनानं लिहून दिला. कागद खिशात घालताना ते म्हणाले, "फोन केलात ते बरं केलंत. दुसऱ्यानं केला नसता." सगळेच तसं म्हणायला लागले होते. प्रभुदेसाई डॉक्टर सांगायचे, ही बाई धीराची, हिनं आपली अब्रू बघितली नाही, म्हणून पोर वाचली. पुढं गावातही तेच झालं. सासूबाईसुद्धा, दोन-चार वर्षांनी का होईना, पाहुण्यांना तसंच सांगू लागल्या. मी कुणाला थांबवलं नाही. आज दीक्षा सत्तावीस वर्षांची आहे, रत्नागिरीला बँकेत आहे, आणि तीही हेच ऐकत मोठी झाली.

खरं काय ते मी फक्त एका माणसाला सांगितलं. त्याच दिवशी, सर गेल्यावर.

वॉर्डात दुपारची सामसूम होती. दीक्षा झोपली होती. मी माझ्या ठरल्या जागी, दोन पावलांवर उभी होते.

"वैजू," मी म्हटलं. "सगळे म्हणतत मी लगेच सांगलंय. मी लगेच सांगूक नाय."

तिनं वर पाहिलं.

"डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्यानी, तेव्हा बारा वाजून पाच मिन्टां झाली होती. मी परत आत गेलंय तेव्हा बारा वीस. ता घड्याळ मी दोनय वेळा बघितलंय. पंधरा मिन्टां मी गप उभी होतंय, वैजू. माका ठाऊक होता ता तेल कसला आसा. पहिल्यापासून ठाऊक होता. पण मनात म्हटलंय, डॉक्टरांका कळता, मी कोण? नोकरीची भीती नाय होती. माका भीती ही होती, की लोक म्हणतले, मुद्दाम ठेवल्यान बाटली. ही अशी, हिका पोर नाय, म्हणान." मी दीक्षाकडे पाहिलं. "ती पियाची बंद झाली नसती तर... मी रिक्षात बसलंय असतंय."

वैजूनं पोरीच्या हातावरची पट्टी बोटांनी नीट बसवली. मला वाटलं, आता ती उठेल आणि मला मारील. मी तयार होते. तिनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"बाटली बाजारातली म्हणान कोणी सांगल्यान?" ती म्हणाली.

पट्टीवरचा हात न काढता तीच पुढं बोलली.

"मी सांगलंय. घरात सांगलंय, डॉक्टरांक सांगलंय. ता कारखान्यातला आसा ह्या माका ठाऊक नाय होता?" तिचा आवाज इतका बारीक होता की मला पुढं वाकावं लागलं. "डॉक्टर म्हणाले काय नाय, आणि माका ताच आयकूचा होता. तुझी पंधरा मिन्टां. माझी पण पंधराच. मी तिची आवस आसय, वयनी. मी आवस असान गप बसलंय."

ती रडली नाही. चार दिवसांत मी तिला पहिल्यांदा पाठ टेकताना पाहिलं. खाटेखाली चटई होती, त्यावर ती आडवी झाली आणि हाताची उशी करून डोळे मिटले.

मी दोन पावलांवरच उभी राहिले. थोड्या वेळानं दीक्षा जागी झाली. तिनं आजूबाजूला पाहिलं, आई दिसली नाही, आणि तोंड वेडंवाकडं करून दोन्ही हात माझ्याकडे पसरले. माझे हात मी पाठीमागं घेतले.

"वैजू," मी हाक मारली. "उठ. जागी झाली."

खालून डोळे न उघडताच ती म्हणाली, "घे तिका."